उगवलं नाही

सत्तेचाळिसाव्या बरणीच्या झाकणावरही पेन्सिलीने तेच — उगवलं नाही. अक्षर पहिल्या बरणीवर होतं तितकंच टपोरं, शांत. सहा वर्षं सरकारी अनुदानावर खाऱ्या मातीत बी रुजवू पाहणाऱ्या प्राध्यापक बाईंचा हात एकदाही कापला नव्हता... आणि तपासायला आलेली सरकारी तपासनीस मात्र यादीवरची प्रत्येक खूण उगाच दोनदा ताडून बघत होती.

कचेरीत तिला ‘भिंग’ म्हणत. हा लौकिक तिने डोळ्यांत तेल घालून कमावला होता, पण आज सकाळपासून ती खोट शोधत होती आणि खोट सापडत नव्हती — यंत्रं जागच्या जागी, नोंदी चोख, अपयशसुद्धा तारीखवार. अशी माणसं असतात तर! तिला बाईंचा हेवा वाटला, मग हेव्याहून मोठं काहीतरी.

अहवालात एकच रकाना उरला होता : फलनिष्पत्ती. तिथे ‘निष्फळ’ पडलं की पुढचं अनुदान बंद, प्रयोगशाळेला कुलूप.

“‘प्रगतिपथावर’ लिहिते,” ती हळूच म्हणाली. “सगळेच लिहितात.” प्रगतिपथ — सरकारी कागदावरचा सर्वांत लांब रस्ता, त्याच्या टोकाला अजून कुणी पोचलेलं नाही.

बाई हसल्या. “नको हो. ते वाचून उद्या कुणीतरी हेच बी पुन्हा पेरत बसेल. उगवलं नाही, तेच लिहा.”

“पण दार बंद होईल, बाई.”

“होईल. अठ्ठेचाळिसावी बरणी भरून ठेवलीय, ती तेवढी बघायची राहील.”

तेच लिहा... आणि तिच्या डोळ्यांपुढे तिची कॉलेजातली वही उघडली — लंबकाचा प्रयोग, दोरा सारखा अडकत होता, उत्तर पुस्तकात होतं; तिने उत्तरावरून उलटे आकडे मांडले, आलेख सरळसोट, दहापैकी दहा, खाली सरांचा शेरा ‘सुबक’. आईने ती वही पाहुण्यांना दाखवली होती. वर्गात सगळ्यांनीच तसं केलं होतं, हे तिने स्वतःला किती वेळा सांगितलं असेल — आणि पुढे जन्मभर इतरांचे आकडे तपासत हिंडली.

तिने पेन टेकवलं. सवयीने ‘प्र’ उमटला. तिने तो गिरगटला नाही. खालचं अक्षर दिसेल अशी एकच रेघ मारली, शेजारी नियमाप्रमाणे सही केली, पुढे ‘उगवलं नाही’ लिहिलं, आणि अठ्ठेचाळिसाव्या बरणीकडे बघत राहिली. झाकण कोरं होतं. ते दहा गुण आता तिला नको होते... पण परत करायचे कुणाला?