पाया पडणारा भाडेकरू

घर भाड्यानं द्यायचं असल तर कुणालाबी द्या, पण पाया पडणाऱ्या माणसाला देऊ नका. मी केवळाबाई, लोह्याची, अनुभवानं सांगून राहिले. हसायचं असल तर हसा.

आमचे मालक म्हणजे शेषेराव गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं पोरं शिकवली. रिटायर झाल्यावर नांदेडात दोन खोल्या, सैपाकघर आन पुढं ओटा असं घर घेतलं. मी म्हणले, लोह्यात हाय की आपलं घर, आणखी कशाला? तर म्हणले, "केवळा, भाडं येत राहील, आन उद्या दुखलं-खुपलं तर दवाखान्याजवळ ऱ्हायाला जागा." बोलले खरं शहाण्यासारखं. त्यांचं शहाणपण तेवढ्यावरच संपलं.

घराला रंग देणं चालू होतं तवाच सिद्धलिंग दारात उभा. गुरुजींचा जुना विद्यार्थी, नांदेडला कापडाच्या दुकानात कामाला. वाकून पाया पडला आन म्हणला, "गुरुजी, तुमच्या घरात ऱ्हायाला भेटलं तर माझं नशीब." झालं! गुरुजी विरघळले. मी इचारलं, "आन कागद?" तर माझ्यावरच खेकसले, "चौथीत माझ्यासमोर बसून पाढे म्हणलेलं पोरगं हाय ते. त्याच्याकडून कागद लिहून घेऊ का?" चावी दिली, चहा पाजला, वरून "घर आपलंच समज" म्हणले. त्यानं समजलं.

सहा वर्षं काही तक्रार न्हाई. खोटं कशाला बोलू? भाडं वेळेवर, दिवाळीला फराळाचा डबा. मग माझ्या किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा नांदेडला डायलिसिस. चार-चार घंटे मशीनला बांधून ठेवतेत, आन सुटल्यावर अंगात जीव म्हणून ऱ्हात न्हाई. त्यात लोह्याची बस, ते गचके, खिडकीतून ओकाऱ्या. डॉक्टर गुरुजींवर चिडले. म्हणले, "बाईला असं हेलपाटत आणाल तर त्या टिकायच्या नाहीत. नांदेडात एखादी खोली करा." खोली! आमचं अख्खं घर हाय तिथं, दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर.

गुरुजी घर मागायला गेले. परत आले ते हातात भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन.

"काय म्हणला?" मी इचारलं.

"पाया पडला."

"बरं, मग?"

"पोराची दहावी हाय म्हणला. परीक्षा होऊ द्या म्हणला."

परीक्षा झाली. गुरुजी पुन्हा गेले, तो पुन्हा पाया पडला. आता त्याची लेक अंबिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. "सातव्या महिन्यातल्या पोरीला बिऱ्हाड हलवायला लावायचं का?" हे सिद्धलिंगनं न्हाई, गुरुजींनीच मला इचारलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

माझ्या भावाची लेक मंजुषा नांदेडच्या कोर्टात वकिली करती. तिच्याकडं गेलो. तिनं करारनामा मागितला, तो न्हाई. भाड्याची पावती मागितली, तीबी न्हाई. तिनं पेन खाली ठेवला.

"आत्या, अकरा महिन्यांचा करार करायचा, तो रजिस्टर करायचा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची. दरवर्षी नव्यानं लिहायचं. आन ओळखीचा असला तर हे सगळं जास्तच करायचं. अनोळख्या माणसाला ऊठ म्हणता येतं."

"हे सहा वर्षांमागं सांगायचं होतं, पोरी. आता काय करू ते सांग."

"दावा टाकता येतो. तुम्हाला स्वतःला ऱ्हायाला घर पाहिजे, कारण चांगलं हाय."

"किती दिवस लागतेत?"

"वर्षं लागतेत आत्या. किती, ते सांगता येत न्हाई."

"मग माझ्याकडं किती हायती ते डॉक्टरला इचारून ये," मी म्हणले. लेकरू खाली बघायला लागलं. उगंच बोलले तिला. तिचा काय दोष?

तरी तिनं नोटीस तयार केली. घर गुरुजींच्या नावावर, सही त्यांचीच लागती. गुरुजींनी चष्मा लावला, सगळी नोटीस वाचली, दोन जागी शुद्धलेखन सुधारलं आन सही न करता परत दिली. म्हणले, "बघू." छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासल्या, आन बायकोच्या जिवावर बेतलं तर बघू! मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं.

मग एका दिवशी मशीनवरून सुटल्यावर गुरुजींना घेऊन मीच तिथं गेले. आज सिद्धलिंगला चांगलं झाडते म्हणून रस्ताभर मनात शिव्या घोळवत होते. दार उघडलं तर आत ओव्याच्या शेगडीचा धूर, बाजेवर अंबिका आन तिच्या कुशीत नऊ दिवसांचं बाळ. सिद्धलिंगची बायको शिवगंगा, तिनं मला बसवलं आन बाळ उचलून सरळ माझ्या मांडीवर ठेवलं. "बघ रे, आजी आली," म्हणली. सगळ्या शिव्या घशात अडकल्या. बाळ पहिल्यांदा बघायचं आन रिकाम्या हातानं? गुरुजींना बाजारात पळवलं, झबलं-टोपडं आणायला. घर रिकामं करून घ्यायला गेलेली बाई झबलं देऊन आली! निघताना वर मीच म्हणले, "सव्वा महिना होऊ द्या, मग बघा." जीभ झडो माझी.

त्याला पाच महिने झाले. अंबिका सासरी गेली, पण आता बाळाचे ताप, लसी, आन दर पंधरा दिवसाला पुन्हा माहेरी. मधी शिवगंगाच म्हणली होती, मावशी, मशीनवरून सुटलं की घंटाभर इथं टेकत जा, मग बस धरा. तसंच करून राहिले. माझ्याच घरात सतरंजीवर पडायचं, आन तिथं जाताना बाळासाठी बिस्किटाचा पुडा न्यायचा. मागच्या सोमवारी ती झोळी हलवता हलवता म्हणली, "मावशी, येताना फोन करून येत जा. पाहुणे असतेत घरात." मी हाव म्हणले. दुसरं काय म्हणणार?

काल फोन केला. कुणी उचलला न्हाई. गुरुजींनी दोनदा लावून बघितला आन मला बसस्टँडवर आणलं. बाकड्यावर आडवी झाले, दवाखान्याच्या फायलीची पिशवी उशाला. पंख्याखाली जागा नव्हती. बस यायला उशीर होता, आन माझं अंग थरथर कापायला लागलं. लाज सोडून म्हणले, "मला माझ्या घरात घेऊन चला हो." भर स्टँडात लहान लेकरासारखी रडले. गुरुजी माझ्या पायांवर पदर सारखा करत बसले. चावी त्यांच्या खिशात असते अजून, पण सिद्धलिंगनं कुलूप कधीच बदललं.

तेवढ्यात लोह्यावरून जाणाऱ्या कंधारच्या गाडीचा कंडक्टर समोर थांबला. "गुरुजी, ओळखलं का? मी दयानंद, तुमच्या हातच्या छड्या खाल्लेला!" म्हणत खाली वाकला.

गुरुजींनी झटकन दोन्ही पाय बाकड्याखाली ओढून घेतले. तो माणूस तसाच वाकलेला, हात पुढं केलेले.

"नको रे बाबा," गुरुजी म्हणले. "पाया नको पडू. हिला तेवढी खिडकीजवळ जागा दे."