फाळापुढे आडवी

आषाढ अर्धा सरला होता. मनकर्णा सकाळी शिळ्या भातात पाणी घालत होती अन् धाकट्या लेकाची, भैयालालची, वाट बघत होती. तिसरा रविवार गेला, तरी हा पठ्ठ्या कारखान्यातून नांगरणीला यायचं नाव घेईना!

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी खुर्सीपारकडचं त्यांचं शेत गेलं होतं. थोरला चिंधू आदल्याच वर्षी तापानं गेला, म्हणून बदली जमीन त्याच्या बायकोच्या, रंभाच्या, नावे मिळाली. जंगलाच्या कडेला दोन एकर. बांधाला सरकारी अनुदान, जंगलातून सरपण आणायची, ढोरं चारायची मुभा. अट एकच. आषाढ संपायच्या आत नांगरून पेरायचं, नाहीतर सगळंच रद्द. रंभाने पदर खोचून बांध स्वतः घातले. पण नांगर? बाईनं नांगर धरला की पाऊस जातो, असं सारं गाव मानायचं. गडी शोधायला गेली तर लोक म्हणत, "घरात दीर आहे न? मंग आमी कावून?"

अवस चार दिवसांवर आली, तेव्हा रंभाने बैल जुंपले.

"अवो, काय करून राहिली तू?" गंमत बघायला बांधावर जमलेल्या गावकऱ्यांतून तिची सासू मनकर्णा धावत आली.

"मामीजी, जमीन जाते. गुलाबले घेऊन मी कुठं जाऊ?"

"साऱ्या गावाचा पाऊस आपल्या डोक्यावर घेशीन का?" असं म्हणून म्हातारी चक्क फाळापुढे चिखलात आडवी झाली. रंभाने मुठीवरचा हात काढला. तिने बैल सोडले, लहानग्या लेकीला, गुलाबला, कडेवर घेतलं आणि घराकडे निघाली.

अवस उलटली. जमिनीच्या कचेरीतला साहेब आला अन् "पडीत" असं लिहून गेला. पुढच्याच आठवड्यात भैयालाल नांगर घेऊन हजर! जमीन पडीत ठरली तर आपल्या नावे करावी, असा अर्ज त्याने आधीच देऊन ठेवला होता.

"माय, घरातच राह्यली न जमीन?" तो हसून म्हणाला.

घरातच म्हणे! रंभा सरपणाला गेली, तर जमिनीचा पट्टा आता तिच्या नावे नाही म्हणून रखवालदाराने तिची कुऱ्हाड काढून घेतली. शेवटी ती कारखान्याच्या बांधकामावर रेजा, म्हणजे मजूर, म्हणून लागली. मनकर्णा एकदा तिला भात द्यायला गेली आणि बघतच राहिली. शेकडो बाया कुदळीने पाया खणत होत्या, डोक्यावर गिट्टी वाहत होत्या. कोणी अडवत नव्हतं. वर आभाळ गच्च भरून बरसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती चालत जमिनीच्या कचेरीत गेली.

"साहेब, लिहून घ्या. माह्या सुनेनं नांगर धरला होता. आडवी मी झाली."

"आजी, आता काय उपयोग? पट्टा दुसऱ्याच्या नावे चढला."

"नसू द्या उपयोग. तुमच्या कागदात तिनं कसूर केली असं लिहिलं आहे न? ते खोटं आहे. कसूर माही आहे."

समोरच्या बाबूने सुस्कारा टाकून कागद ओढला. लिहून झाल्यावर मनकर्णाने अंगठा उठवला, आणि मग भर कचेरीत खाली बसून ढसाढसा रडली.

वाचकहो, तो कागद फाइलीत तसाच पडून आहे. रंभाला जमीन मिळाली नाही. त्या दिवशी बांधावरून गंमत बघत उभ्या राहिलेल्या गावातल्या एकानेही त्यावर साक्षीचा अंगठा दिला नाही.