विधवांचा हारा

कॉब्स लँडिंगच्या गावसभेत त्या दिवशी भांडण जुंपलं ते माशांवरून. बाहेर अर्धा चिखल, अर्धा बर्फ. आत शेगडीभोवती सगळं गाव, आणि कोपऱ्यात सभेनंतर खायच्या घेवड्याचं पातेलं. आटपा लवकर, असं जो तो त्या पातेल्याकडे बघूनच म्हणत होता.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरचं हे गाव म्हणजे एक धक्का, एक चर्च आणि शेवंडं धरणाऱ्यांच्या होड्या. पोरं शाळा संपली की बोस्टनकडे पळतात. उन्हाळ्यात बंगलेवाले येतात, पण ज्यानं इथली थंडी काढली नाही त्याला गाव पाहुणाच धरतं. उरली म्हातारी माणसं. त्यांत तीन विधवा, आणि गाव चालवतात त्याच.

जगन्नाथ मूळचा गुहागरकडचा, जहाजावर इंजिनं सांभाळलेला. इथल्या होड्यांची इंजिनंही तोच बघायचा. गावात त्याला जॅग म्हणत. गेल्या पानगळीत त्याची गिरिजा गेली. मुलगा सुशांत नेपरव्हिलहून त्याला न्यायला आला होता, उद्याचं विमान होतं. धक्क्यावरच्या खोलीची किल्ली परत द्यायची, एवढ्यासाठी जगन्नाथ सभेला आलेला.

तेवढ्यात विधवांतली थोरली डॉट उठली.

"यंदा हाऱ्याच्या यादीत जॅगचं नाव घाला."

मे महिन्यात समुद्रातून एलवाइफ नावाचा मासा ओढ्यानं वर तळ्याकडे चढतो. आपल्याकडच्या भिंगासारखा, रुपेरी आणि काट्यांनी भरलेला. पहिला मासा निघाला की गावातल्या प्रत्येक विधवेच्या दारात एक हारा, म्हणजे माशांनी भरलेली मोठी टोपली, फुकट जातो. फार जुनी रीत. अट एकच, मासा चढेल त्या दिवशी बाई गावात राहती हवी.

बोलणं सगळं इंग्रजीत. पण तंटा कुठलाही असो, जगन्नाथच्या कानात तो गुहागरच्या बोलीतच शिरायचा.

"बाप्या मानसाला हारा?" मागून एक शेवंडवाला म्हणाला. "उद्या माजी बायको म्हायेरी गेली तर मलाबी द्या."

"तुजी गेली तर परत न्हाय यायची," डॉट म्हणाली. "तवा बगू."

सुशांत उभा राहिला. "एक मिनिट, बाबा उद्या माझ्याबरोबर येतायत. म्हणजे हा विषयच..."

"तू कुठं ऱ्हातोस रं?" सभेचा अध्यक्ष अर्ल यानं विचारलं.

"नेपरव्हिल. इलिनॉय."

"मग बस खाली. पाहुन्यांनी घेवडा खावा, बोलू नये."

सुशांत बसला. हाताखाली वीस माणसं असलेला मुलगा असा मुकाट बसलेला बघून जगन्नाथला कित्येक महिन्यांनी हसू आलं. ते त्यानं रुमालात दडवलं आणि तो उठला.

"मला फुकटचं नको. हारा पोसनारा गेलेल्या बाईला असतो. मी कमावता हाय अजून."

"कमावता हायेस," डॉट म्हणाली. "पन अंडं उकडता येतं का?"

सभा हसली. सुशांतही हसला.

"हारा पोसनारा गेला म्हनून देतात ना? या घरात पोसनारी गेली. दर मेमधी मी तुमच्याकडं जेवले हाय. गिरिजा आमटीतला मासा ताटात घ्यायची, एकेक काटा काढायची, नि मग तुज्या पुढ्यात सरकवायची. सत्तरीचा बाप्या, आ करून बसलेला. मी तिला म्हनायची, अगं, सवय मोड त्याची. ती म्हनायची, ऱ्हाऊ दे, तेवढाच गप बसतो."

गिरिजा गेल्यापासून जगन्नाथनं मासा तोंडाला लावला नव्हता, हे गावाला ठाऊक होतं.

अर्लनं हात वर करायला सांगितले. बाजूनं पडले तेवढेच विरोधात पडले. डॉटनं त्याच्याकडे बघितलं.

"माज्याकडं बगू नको," अर्ल म्हणाला. "मला फुडच्या वर्सी निवडून यायचंय. जॅगनं कुनीकडंच हात केला न्हाय. त्यालाच इचारा."

जगन्नाथच्या मुठीत धक्क्याची किल्ली होती. हात वर केला तर बायको गेली, हे चारचौघांत कबूल. नाही केला तर उद्या विमान, आणि तिकडं पोराखेरीज कुणी तिला ओळखणारं नाही. त्यानं पोराकडं बघितलं.

"सुशा, तुज्या त्या गावात भिंग मिळतो का रं?"

"फ्रोझन मिळेल, बाबा. काटे काढलेला."

"काटे काढलेला," जगन्नाथ स्वतःशीच म्हणाला. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि हात वर केला. धीमेपणानं, पण पुरता वर.

अर्लनं टेबलावर हातोडी आपटली. घाईघाईनं सगळे पातेल्याकडे वळले. सुशांत फोन काढून म्हणाला, "मग तिकीट कॅन्सल करू?"

"कर. आनि मेमधी ये. जेवायला ये."

डॉट घेवड्याची ताटली घेऊन आली आणि ती तिनं त्याच्या हातात दिली.

"हारा मिळंल," ती म्हणाली. "पन काटे तुजे तू काढायचे."