आतून नवं

सुनेने टॉवेल पिळून सासूबाईंच्या मानेमागून फिरवला. पक्षाघातानंतर त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं. जीभही जड झाली होती. बाहेर प्रार्थनेला आलेल्या बायका चपला घालत होत्या. दार लोटून चर्चच्या पाळकबाई डोकावल्या.

"काय सुंदर बोललीस गं आज! येशू माणसाला वरवर घासूनपुसून सोडत नाही, आतून नवं करतो. आणि तू तर ते करूनच दाखवतेस. कोण करतं हल्ली सासूचं एवढं?"

सून हसली. "माझ्या आईसारख्याच आहेत त्या."

पाळकबाई गेल्या. तिने सासूबाईंचा लुळा हात उचलून पुसला आणि होता तसा परत ठेवला.

"पाणी गार नाही ना, आई?"

"गोड... नको बोलू."

"का? काय झालं?"

"तू मला माफ... केलेलं नाहीस." शब्द अडखळत येत होते. "माझ्या सासूचं मी... असंच केलं. हसून. ती जाईपर्यंत. लोक म्हणायचे... देवमाणूस."

सुनेचा हात थांबला. रोज सकाळी ती या बाईसाठी येशूजवळ गुडघे टेकायची आणि उठताना मन होतं तिथंच असायचं, घट्ट मिटलेलं. मघाशी बायकांसमोर मात्र शब्द कसे भराभर सुचले होते.

"माझं बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं," ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखू येईना. "तुम्ही एकदाही आला नाहीत. मुलगी झाली म्हणून. आणि ती गेली तेव्हा म्हणालात, सुटलो एकदाचे."

"म्हणाले."

"का?"

सासूबाईंनी नजर वळवली नाही. सुनेने टॉवेल बादलीत आपटला. पाणी फरशीवर उडालं. एरवी ती लगेच पुसून घ्यायची. आता ती त्यांच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसली.

"नाव..." मागून आवाज आला. "काय ठेवलं होतंस?"

सुनेने सांगितलं. या घरात ते नाव आजवर कुणी उच्चारलंच नव्हतं. सासूबाईंनी ते जड जिभेवर घोळवून म्हणून पाहिलं. चुकलं.

"असं नाही," सून म्हणाली, अजूनही रागातच, आणि वळून पुन्हा सांगितलं.