रंगाचा थर

चक्काचूर झालेल्या माझ्या गाडीची विमा कंपनीने निम्मीच किंमत लावली. कारण दिलं, गाडी पूर्वीही ठोकलेली होती. मला ती विकणारा माझा सख्खा दादा भडकला आणि माझ्याबरोबर गॅरेजात आला.

"तळहातावरच्या फोडासारखी जपली होती मी! काहीही काय बोलता?" तो विमा कंपनीच्या सर्व्हेअरला म्हणाला.

"मोजून दाखवा," मी म्हणाले. प्रयोगशाळेतली सवय.

सर्व्हेअरने रंगाची जाडी मोजणारं यंत्र छताला टेकवलं. एकशे वीस मायक्रॉन, म्हणजे कारखान्यातला मूळ रंग. मग मागच्या धड राहिलेल्या दाराला. सहाशे. रंगाखाली पोचा बुजवायला पुट्टी भरलेली होती.

"अगं, जरासंच लागलं होतं," दादा पुटपुटला.

त्या दाराशी रोज माझी लेक बसायची. यंत्र मागून घेऊन मी पुन्हा मोजलं. सहाशेच.