चार बोटं मागची सीट

टुंग!

बाळाचा नुकताच डोळा लागला होता, घर चिडीचूप होतं, आणि नेमकी माझी स्प्रिंग वाजली. बाळाने भोकाड पसरलं. त्याच्या आईने, नेस्टाने कपाळाला हात लावला. "अगं बये, आत्ताच सुचलं तुला?"

मित्रांनो, ती बया म्हणजे मी. शेगडीजवळ फुलाफुलांची खोळ घालून बसलेली मी मूळची एका स्पोर्ट्स कारची ड्रायव्हरची सीट. पण हे ओरडून सांगायला मला तोंड कुठे आहे?

इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीच्या कारखान्यात बायकांनी माझ्यात घोड्याचे केस ठासून भरले. त्या हिवाळ्यात चामडं कमी पडलं, म्हणून पाठीला काळं रेक्झिन लावून भागवलं. पहिला मालक ताडमाड डॉक्टर. त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटायचे. कारखान्यातल्याच मिस्त्रीने माझ्या बुडाच्या लोखंडी पट्ट्यांना आणि गाडीच्या तळाला नवी भोकं पाडून मला चार बोटं मागे सरकवलं. घाईत एक भोक तिरकं गेलं. तरी त्या तिरक्या भोकावर घट्ट बसून मी डॉक्टरला कितीतरी बाळंतिणींच्या दारी वेळेवर पोचवलं. लोक त्याचे आभार मानायचे. मीही थोडी फुलायचे.

पुढे गाडी नेस्टाच्या वडिलांनी, हॅडन यांनी घेतली, तेव्हा आम्ही दोघी सीटा गाडीतून काढून बाजूला ठेवलेल्या होतो. त्यांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात पेव्हरेल नावाचे जाणकार होते. माझ्या पाठीवर टॉर्च मारून ते म्हणाले, "हॅडन, ही नकली. कारखान्याच्या कॅटलॉगात पाठीलाही चामडं आहे. आणि ही भोकं बघ, कुठल्या गाढवाने पाडलीत!"

झालं! माझी जोडीदारीण माळ्यावर गेली, मी शेगडीपाशी आले. नेस्टाची दोन्ही मुलं माझ्यावरच दूध प्यायली. त्याचं मला सुख आहे. पण नकली म्हटलेलं अजून सलतं.

आता हॅडनांची नजर अधू होत चालली आहे. गाडी चालवायचा त्यांचा हा शेवटचा उन्हाळा. क्लबाच्या मिरवणुकीत एकदा तरी जायचं एवढीच त्यांची इच्छा, आणि तिथे मूळ सीट नसलेल्या गाडीला प्रवेश नाही. कुठून कुठून आणलेली सीटची तिसरी जोडीही काल पेव्हरेलांनी बाद केली.

"हिच्या शिलाईचा दोरा नंतरचा आहे."

"मग मी स्टूल ठेवून चालवतो!" हॅडन भडकले. "स्टुलाचा दोरा तरी तपासू नकोस!"

आणि मी दाराआड धुमसत होते. इथेच आहे ना मी!

आज सकाळी हॅडनांना गाडीत दिवा धरायला माणूस हवं होतं, म्हणून त्यांनी लेकीला हाक मारली. "बाबा, मी उभ्याने पाजू का?" नेस्टा करवादली. तेव्हा तिला बसता यावं म्हणून त्यांनी चिडून मला गाडीपाशी ओढत नेलं, खोळ फेकली आणि रिकाम्या गाडीत ढकललं. मी सरकले, भोकांवर भोकं येताच थांबले. हॅडनांनी वाकून चाचपलं. मग बोल्ट उचलून घातले. एकेक करत सगळे बसले. तिरक्या भोकातलासुद्धा.

म्हातारा जमिनीवरच बसला. "ही सीट या गाडीचीच आहे गं, नेस्टा. मी हिला शेगडीपाशी टाकलं."

निरोप मिळताच धावत आलेल्या पेव्हरेलांनीही बोल्ट काढून, टॉर्च मारून मान डोलावली. "चुकलो, हॅडन. तळातली आणि हिची भोकं एकाच हाताची. रेक्झिनही कारखान्याचंच आहे, शिवणीखाली बाकी चामड्याला आहेत तेच खिळे. ही मूळ सीट!" माझा ऊर भरून आला. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "आता हे रेक्झिन काढू, चामडं लावू, भोकं बुजवू. कॅटलॉगाबरहुकूम, मगच मिरवणूक!"

मित्रांनो, काय म्हणावं या माणसांना? तुमच्या घरातली जुनी वस्तू चित्राशी ताडून बघू नका. तिच्या अंगावरून एकदा हात फिरवा. ती कुठे झिजली, कोणासाठी झिजली, ते बघा.

मिरवणूक हॅडनांना हवीच होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

धाकट्याला खांद्यावर थोपटत नेस्टा उभी होती. तिची थोरली, टिली, माझ्या तिरक्या भोकात करंगळी घालून बघत होती.

"आई," ती म्हणाली, "हे बुजवल्यावर ही खरी आहे हे कशावरून ओळखायचं गं?"