ओकबुनचा पर्म आणि विजेचा गोळा

"हे तुम्हाला खोटं वाटणार," ओकबुन म्हणाली आणि पिलनामआक्कांची एक ओली बट कागदात धरून तिनं रोलरवर करकचून गुंडाळली. "वाटू दे. पण काल तेजॉन शहरात माझ्या केसांपुढे वीज हरली."

"कुठली वीज? आभाळातली?" गरम टोपीखाली बसलेल्या कुमजानं विचारलं. बाजारातला तिळाच्या तेलाचा घाणा तिचा.

"बटणातली. गप ऐक."

चुसॉक, कोरियातला सुगीचा सण, आठवड्यावर आला होता. या गावात सणाआधी साठी ओलांडलेल्या प्रत्येक बाईनं केस कुरळे करणारा पर्म करायचा म्हणजे करायचाच. पूर्वजांना नैवेद्य एक वेळ सरळ केसांनी दाखवता येतो, पण सरळ केसांनी सुनांपुढे उभं कसं राहायचं? आणि पर्म करायचा तो ओकबुनच्याच हातचा. मागे वादळात बसथांब्याचं छप्पर उडून शेतात जाऊन पडलं, पण खाली उभ्या असलेल्या बायकांचं एक कुरळी बटसुद्धा जागची हलली नाही, असं गावात सांगतात. सांगणारी अर्थात ओकबुनच.

काल तिचा मुलगा सांगहो गाडी घेऊन आला होता. नात गारमनं तेजॉनच्या विज्ञान केंद्राचा हट्ट धरलेला, आणि आजीशिवाय जायचं नाही म्हणून अडून बसलेली. तिथे प्रत्येक यंत्रापाशी पाटी होती, ‘हात लावून पाहा’. ओकबुनचा जन्म आपल्या केसांच्या दुकानात आलेल्या पोरांना "हात लावू नका" म्हणण्यात गेलेला. आधी तिनं चोरून एक बोट लावलं, मग हात, आणि तासाभरात ती खुर्चीत बसून दोरखंडानं स्वतःलाच छतापर्यंत ओढत होती. खाली गारम ओरडत होती, "आजी, आता माझी पाळी, उतर की."

जेवायला कटलेट घेतलं. सांगहोनं आईच्या ताटातल्या कटलेटचे तुकडे करून दिले आणि सुरी न ठेवताच म्हणाला, "आई, चुसॉक झाला की दुकान बंद कर. गारमला शाळेतून आणायला कुणी नाही. तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय आम्ही."

सून वाटीतल्या सुपात बघत बसली.

"कटलेट निबर आहे," ओकबुन म्हणाली.

जेवणानंतर विजेचा गोळा. पण हे कटलेट ओकबुननं आजच्या गोष्टीतून अलगद वगळलं होतं.

"तर तो गोळा," ती रोलरला रबर अडकवत म्हणाली, "भोपळ्याएवढा. नाही, लोणच्याच्या रांजणाएवढा. चकचकीत. हात ठेवला की माणसाचे केस ताठ उभे राहतात. आमच्या गारमचं डोकं तर चेस्टनटच्या काटेरी फळासारखं झालं. मग पांढऱ्या कोटातली पोरगी मला म्हणते, आजी, तुम्ही या."

"आणि तू गेलीस," पिलनामआक्का आरशातून म्हणाल्या.

"गेले की. हात ठेवला. काही नाही. पोरीनं वीज वाढवली. काही नाही. आणखी वाढवली, तशी हॉलचे दिवे मंद झाले. भिंतीवरचं घड्याळ थांबलं. आतून एक चष्मेवाला साहेब चपला हातात घेऊन पळत आला. म्हणाला, आजी, पाया पडतो, हात काढा, नाहीतर अख्खं तेजॉन अंधारात जाईल."

"तरीच," कुमजा म्हणाली, "काल दुपारी माझा घाणा मध्येच बंद पडला. मी उगाच नवऱ्याला शिव्या घातल्या."

"त्या वाया नाही जात," पिलनामआक्का म्हणाल्या, आणि तिघी हसल्या.

खरं घडलं होतं ते थोडं लहान होतं, पण होतं. ओकबुनच्या हातावरची लव उभी राहिली होती. कानामागचे दोन-चार बारीक केस तरंगले होते. बाकी पर्म, स्वतः आरशात बघून स्वतःच्या हातानं केलेला, जिथल्या तिथे बसून राहिला होता. लोक हसले. पोरीनं विचारलं, "आजी, हा पर्म केलात कुठे?" तेव्हा ओकबुननं गोळ्यावरचा हात न काढता, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात दुकानाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, बाजाराच्या मागे, तिळाच्या घाण्याशेजारी, हेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोर सांगहो फोन उंच धरून चित्रण करत होता. त्याचा चेहरा फोनच्या आड होता, त्यामुळे तो कसा झाला होता ते तिला दिसलं नाही. परतीच्या वाटेवर गारम झोपली. दारात सोडताना सांगहो एवढंच म्हणाला, "सणानंतर सामानासाठी मोठी गाडी घेऊन येतो."

"टाळ्या म्हणजे किती टाळ्या," ओकबुन सांगत होती. शेवटचा रोलर लावून झाला, तरी तिचा हात आक्कांच्या डोक्यावर तसाच होता. "आणि सांगहो तर सगळ्यांसमोर पुढे आला. म्हणाला, आई, असा हात कुणाचा नाही. तू दुकान कधीच बंद करायचं नाहीस."

"वा," कुमजा म्हणाली. "शहाणा आहे पोरगा."

ओकबुननं पर्मच्या औषधाची बाटली उचलली आणि पिलनामआक्कांच्या कपाळाभोवती पुन्हा एकदा टॉवेल घट्ट केला, आधीच घट्ट होता तो.

"खोटं," आक्का म्हणाल्या.

"काय खोटं, आक्का? कुमजाचा घाणासुद्धा बंद पडला होता."

"घाणा बंद पडला असेल. दिवे गेले असतील, साहेब पळत आला असेल, ते सगळं मला मान्य. पण सांगहो तसं म्हणाला नाही." आक्कांनी आरशातूनच तिच्याकडे बघितलं. "म्हणाला असता ना ओकबुन, तर ते तू सगळ्यात आधी सांगितलं असतंस."